पहिली दोरी कुणाची

मी मत्सरी माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. फक्त डेस्मंड टॅपस्कॉटचं काही चांगलं झालं, की मला दोन-तीन दिवस अन्न गोड लागत नाही.

आमच्या ऑटरकोमच्या चर्चची मोठी घंटा डागडुजी होऊन परत यायची होती. पाद्रीबाईंनी जाहीर केलं, की गावातल्या सगळ्यांत जुन्या घराण्याचा माणूस तिची दोरी पहिल्यांदा ओढेल. झालं! डेस्मंडनं दुसऱ्याच दिवशी आपली वंशावळ फ्रेम करून पबमध्ये लावली. थेट १६३२पर्यंत! आणि लावली कुठे, तर माझ्या नेहमीच्या खुर्चीच्या बरोब्बर समोर.

"आमचं गॅमिज घराणं काय काल आलंय?" मी बायकोला म्हटलं. "मी याच्याही मागे जाणार."

"जा की," हिलरी म्हणाली. "तेवढंच स्वयंपाकघर मोकळं."

मग दर मंगळवारी बसनं जिल्ह्याच्या दप्तरखान्यात. चर्चच्या जुन्या वह्या, बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या, दफनांच्या. अक्षर असं, की कोंबडी शाईत पाय बुडवून पानभर हिंडली असावी. १६४० सालच्या थॉमस गॅमिजच्या लग्नापर्यंत पोचलो आणि गाडी अडली. आठ वर्षांनी कमी! त्या रात्री मी डेस्मंडला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या.

पुढच्या मंगळवारी सापडलं! थॉमस गॅमिज, बाप्तिस्मा १६११! तोच तो, दुसरा कोण असणार? मी अशी टाळी वाजवली, की तिथल्या बाईंनी मला हात धरून बाहेर काढलं. माझी वंशावळ मी डेस्मंडच्या दुप्पट फ्रेममध्ये घातली आणि त्याच्या फ्रेमच्या बरोबर डोक्यावर टांगली. डेस्मंडचा चेहरा आंबला. इतकी चविष्ट बिअर मी जन्मात प्यायलो नव्हतो.

घंटेचा रविवार उजाडला. सगळं गाव जमलं. मी नवे हातमोजे घालून दोरीला हात घालणार, तोच डेस्मंड एक कागद फडकवत पुढे आला.

"क्लाइव्ह, दफनाची वही पाहिलीस का रे?"

"बाप्तिस्मा मिळाल्यावर दफन कशाला बघू?"

"ही बघ तिची नक्कल. तुझ्या थॉमसचा सहा तारखेला बाप्तिस्मा, पंधराला त्याला पुरलं. नऊ दिवसांत लग्न करून चार पोरं झाली म्हणायची त्याला. गॅमिज लोक भलतेच उरकते."

लोक बाकांवर वाकून वाकून हसले.

"मग १६४०चा नवरदेव कोण?" मी विचारलं.

"लग्नाच्या वहीत त्याच्या नावापुढे लिहिलंय, राहणार नेदर पिल."

नेदर पिल! ज्या गावाशी आम्ही क्रिकेटसुद्धा दात-ओठ खात खेळतो, ते! म्हणजे आम्ही उपरे. पावणेचारशे वर्षांत एकानंही सांगितलं नाही.

"आठ वर्षांनी हुकलास, लेका," म्हणत डेस्मंडनं दोरी धरली.

"थांबा जरा," कागद डोळ्यांजवळ नेत पाद्रीबाई म्हणाल्या. "पानाच्या तळाशी चर्चच्या कारभाऱ्याची सही आहे, जॉन लस्कम, १६११. हिलरी, लस्कम तुझं माहेर ना?"

"हो," हिलरी म्हणाली. "आमच्या घरच्या बायबलात त्याच्यापासून सगळी नावं ओळीनं लिहिलीत. तो तसा अलीकडचाच. त्याचा आजाही इथलाच."

"मग बोलली का नाहीस?" मी आणि डेस्मंड एकदमच ओरडलो.

"कुणी विचारलं?"

काखेत कळसा अन् गावाला वळसा! तिनं माझे हातमोजे मागून घेतले आणि घंटा अशी वाजवली, की नेदर पिलपर्यंत ऐकू गेली. मी आणि डेस्मंड मागच्या बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. टाळ्या आम्हीच सगळ्यांत हळू वाजवल्या.

डेस्मंडचं बरं आहे. तो संध्याकाळी आपल्या घरी जातो. मला मात्र रोज चार वाजता सगळ्यांत जुन्या घराण्याला चहा करून द्यावा लागतो, आणि एक घोट घेऊन ती विचारते, "तुमच्या नेदर पिलला असाच पाणचट करतात का रे?"