शेवटचं कोण?

निउर्काला रांगांच्या गणितावर डॉक्टरेट मिळणार होती आणि आयुष्यात ती एकदाही रांगेत उभी राहिली नव्हती. पाव, अंडी, साबण, गॅसचा सिलिंडर, सगळ्यासाठी तिची आई मिग्दालिया जायची. पोरगी शिकतेय, तिला कशाला उन्हात तिष्ठत ठेवायचं, असं आईचं म्हणणं. अशा रीतीनं एकोणतीस वर्षं आईनं रांगा लावल्या आणि मुलीनं त्यांचं गणित मांडलं.

गणित मोठं देखणं होतं. दुकानाच्या छपराखाली दिसणारी माणसं मोजायची आणि त्यांना दोननं गुणायचं. तेवढ्या मिनिटांत तुमचा नंबर लागणार. दोनच्या या आकड्यापर्यंत पोचायला तिला एकशे चाळीस पानं लागली होती. तिचे मार्गदर्शक प्रोफेसर बाकायाओ या गणितावर जाम खूश होते. सोमवारी सकाळी मात्र त्यांना अचानक शंका आली.

"निउर्का, हे आकडे आणलेस कुठून?"

"आपल्या विभागाच्या खिडकीतून दुकान दिसतं ना, प्रोफेसर."

"खिडकीतून? म्हणजे पोहण्यावर प्रबंध आणि पाय कोरडे! अगं, शुक्रवारी परीक्षक येणार. त्यातला एक तर आकडे कुठून आणले एवढंच विचारायला येतो. मला एका अख्ख्या रांगेची नोंद पाहिजे. कोण किती वाजता आलं, किती वाजता सुटलं. उद्या बारा वाजता वही माझ्या टेबलावर. नाही आली तर शुक्रवार विसर. मग पुढच्या वर्षी बघू."

 घरी येऊन निउर्कानं रडत रडत आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "मग त्यात रडण्यासारखं काय आहे? उद्या दुकानात कोंबडी येणार आहे. मी पहाटेच जाऊन नंबर धरणार. शुक्रवारी तुझ्या परीक्षकांना जेवायला नको घालायला? कोरड्या भातावर कुणी डॉक्टर करत नाही. तू सावकाश ये, काय लिहायचं ते लिही. फक्त कुणी काही विचारलं तर तोंड उघडू नकोस."

आमच्या सांता क्लारा शहरात रांगेत कुणी उभं राहत नाही. आल्यावर "शेवटचं कोण?" असं ओरडायचं, जो हात वर करील त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि खुशाल कॉफी प्यायला निघून जायचं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. निउर्कालाही ठाऊक होतं. फक्त तिच्या गणिताला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी आठ वाजता ती वही आणि घड्याळ घेऊन दुकानासमोरच्या बदामाच्या झाडाखाली उभी राहिली. तेव्हा रांगेची शेवटची मानकरी होती लाल ब्लाउजवाली सोराइदा. ती निउर्काला म्हणाली, "पोरी, मी घेवडा शिजत टाकून येते. कुणी आलं तर सांग, लाल ब्लाउजवाली शेवटची."

"हो," निउर्का म्हणाली आणि वहीत लिहू लागली. ती लिहीत असतानाच रेल्वेतून निवृत्त झालेले ओरेस्तेस आजोबा काठी टेकत आले.

"शेवटचं कोण?"

निउर्काचे डोळे सेकंदकाट्यावर होते. मास्तरांनी हजेरी घेतल्यावर हात वर जातो तसा तिचा हात वर गेला.

"मी."

झालं! आजोबांनी तिचा चेहरा नीट पाहून घेतला आणि ते बाकावर डॉमिनो खेळायला बसले. तिकडे कोपऱ्यावर सोराइदाला तिची शेजारीण भेटली. "मी शेवटची, आता तू माझ्या मागे," असं तिला सांगून सोराइदा घरी गेली. त्यानंतर बागेच्या बाजूनं येणारा प्रत्येक जण आजोबांच्या शेपटाला लागला आणि कोपऱ्यावरून येणारा शेजारणीच्या. निउर्का झाडाखाली येणाऱ्या प्रत्येकाची मिनिटासकट नोंद करत होती. नावं विचारायची नाहीत म्हणून ती माणसाचं वर्णन लिहायची. हे काम आपल्याला फार छान जमतंय असं तिला वाटत होतं.

कोंबडीचा ट्रक उगवला साडेदहाला. दहा बावन्नला खुद्द प्रोफेसर बाकायाओ रिकामी पिशवी हलवत आले. छपराखाली नजर टाकून त्यांनी माणसं मोजली.

"अकरा! म्हणजे बावीस मिनिटं. तुझं गणित म्हणजे वरदान आहे गं! आता कोंबडी, बाराला तुझी वही, एकला जेवण."

निउर्कानं वहीचं पान उलटलं. तिचा चेहरा उतरला. "प्रोफेसर, तुम्ही चौऱ्याऐंशीवे आहात."

"काहीतरीच काय? बाकीचे कुठायत?"

"काही डॉमिनो खेळतायत. काही केस कापायला गेलेत. आणि ती बाई आहे ना, ती सात जणांची रांग एकटीच सांभाळतेय."

प्रोफेसर यावर काही बोलणार, तोच दारात आरडाओरडा झाला. सोराइदा कोंबडी घेऊन बाहेर पडली होती आणि तिच्या मागचा नंबर सांगायला दोन माणसं पुढे आली होती.

"मी लाल ब्लाउजच्या मागे!" शेजारीण म्हणाली.

"लाल ब्लाउजच्या मागे ती वहीवाली पोरगी, आणि तिच्या मागे मी," आजोबा म्हणाले. "ए पोरी, पुढे हो. तुझा नंबर आलाय."

"पण आजोबा, मी रांगेत नाहीये. मी रांगेचा अभ्यास करतेय."

 आजोबांनी काठी जमिनीवर टेकवली. "तू रांगेत नाहीस?"

"नाही."

"मग तीन तास मी कुणाच्या मागे होतो? वाऱ्याच्या?"

"आणि मी तुमच्या मागे!" डॉमिनोच्या टेबलावरून एक जण ओरडला. "म्हणजे मीही वाऱ्यावरच!" मग बागेच्या बाजूची चाळीस माणसं एकापाठोपाठ एक वाऱ्यावर गेली, आणि वाऱ्यावर गेलेली माणसं फार मोठ्यानं बोलतात. कोपऱ्याच्या बाजूचे त्यांना "घुसखोर" म्हणू लागले. दुकानदारानं शांतपणे विक्रीची खिडकी ओढून घेतली. "तुमचं ठरलं की हाक मारा," तो आतून म्हणाला.

निउर्काला रडू फुटलं. खिडकी बंद म्हणजे सुटल्याच्या वेळा नाहीत, वेळा नाहीत तर वही अर्धवट आणि वही अर्धवट तर शुक्रवार गेला. एवढ्यात काखेत कोंबडीचं पाकीट घेतलेली मिग्दालिया गर्दीतून वाट काढत आली. पहाटे पाचला धरलेला तिचा तिसरा नंबर केव्हाच लागून गेला होता.

"तोंड उघडू नको म्हटलं होतं ना?"

"एकच शब्द बोलले गं, आई."

"एक पुरतो. काय लिहिलंयस वहीत?"

"कोण किती वाजता आलं ते."

मिग्दालियानं वही हिसकावली आणि ती बाकावर चढली. "ऐका रे सगळे! कोण कुणाच्या मागे ते मरू दे. जो आधी आला तो आधी जाईल. इथं मिनिटासकट लिहिलंय!" आणि तिनं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "आठ पाच. काठी, आजोबा, कानात केस."

"कानात केस?" आजोबा म्हणाले.

"आहेत की नाहीत?"

"आहेत," आजोबा म्हणाले आणि पुढे झाले.

"आठ अकरा. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. आठ चौदा. पोट आधी आलं, मागून माणूस." गर्दी खो खो हसू लागली. ज्याचं वर्णन निघे तो चरफडत पुढे येई. पुढे आला नाही तर नंबर जायचा, त्यामुळे आपलं पोट सगळ्यांना कबूल होतं. शेवटी मिग्दालियानं पान उलटलं. "दहा बावन्न. टक्कल, शर्टाची बटणं वरखाली, जगाची काही कल्पना नसावी."

"ते मी लांबून लिहिलं होतं," निउर्का पुटपुटली. प्रोफेसर बाकायाओ शर्टाकडे बघत रांगेच्या शेवटी गेले.

खिडकी उघडली. वही मात्र निउर्काला परत मिळेना. "आता ती रांगेची वही झाली," आजोबा म्हणाले आणि त्यांनी ती दाराच्या खिळ्याला टांगली. बारा वाजले. ज्या टेबलावर वही पोचायला हवी होती ते टेबल रिकामं होतं, आणि टेबलाचे मालक समोरच डॉमिनोत सपाटून हरत होते. निउर्का कपाळाला हात लावून बसली.

दीड वाजता दुकानदारानं हात झटकले. "संपली! त्र्याऐंशीच पाकिटं होती."

प्रोफेसर रिकामी पिशवी आणि वही घेऊन सावकाश तिच्याकडे आले. आता पुढच्या वर्षीची गोष्ट करणार, असं वाटून तिनं मान खाली घातली.

"हे बघितलंस का?" ते म्हणाले.

तिनं बघितलं. आपला नंबर नक्की खोडला गेला ना, या काळजीनं प्रत्येकानं आपल्या वर्णनापुढे कोंबडी मिळाल्याची वेळ स्वतःच्या हातानं लिहिली होती. अकरा छत्तीस. अकरा अडतीस. दारापाशी उभ्या आजोबांनी सुरुवातीच्या बारा जणांच्याही आल्या-सुटल्याच्या वेळा विचारून भरल्या होत्या. चौऱ्याऐंशी माणसं, आल्याची वेळ, सुटल्याची वेळ. एकही जागा कोरी नव्हती. शिवाय समासात लोकांनी दुरुस्त्याही केल्या होत्या. 'पोट नाही, शर्ट सैल आहे.' आणि सगळ्यात खाली, प्रोफेसरांच्या ओळखीच्या लाल शाईत: 'टक्कल नाही, कपाळ मोठं आहे. बाकी नोंद बरोबर.'

"तीस वर्षांत एवढे चोख आकडे मी पाहिले नाहीत," ते म्हणाले. "जा, गणित पुन्हा मांड. तीन दिवस आहेत. आणि या वेळी जे दिसत नाहीत त्यांनाही मोज."

तिनं मोजलं. शुक्रवारी आकड्यांवाल्या परीक्षकानं आकडे कुठून आणले असं विचारलं, तेव्हा तिनं वही पुढे केली. रांग माणसांची नसते, ती म्हणाली, प्रत्येकाला आपल्या पुढचा एक माणूस आठवतो, त्या आठवणींची रांग असते. त्यातली एक कडी तुटली की काय होतं, हे मी स्वतः तोडून पाहिलंय. परीक्षक समासातल्या दुरुस्त्या वाचून इतका हसला की पुढचा प्रश्न विसरला. निउर्का डॉक्टर झाली. मागच्या बाकावर मिग्दालियानं पदर नसल्यामुळे पिशवीच्या टोकानं डोळे पुसले.

मग तिनं कोंबडीभाताचं पातेलं टेबलावर ठेवलं. झाकण निघताच तीन भौतिकशास्त्रज्ञ, दोन इंजिनिअर आणि एक अर्थशास्त्रज्ञ चहूबाजूंनी पातेल्यावर चालून आले. प्रोफेसर बाकायाओ मात्र दारातच थांबले. त्यांनी शर्टाची बटणं तपासली आणि मोठ्यानं विचारलं,

"शेवटचं कोण?"

सगळे विद्वान एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. कोपऱ्यातून एक काठी वर झाली.

"मी," ओरेस्तेस आजोबा म्हणाले. "माझ्या पुढे ही वहीवाली पोरगी आहे. ए पोरी, आज तरी आहेस ना रांगेत?"

"आहे, आजोबा," निउर्का म्हणाली आणि तिनं ताटली उचलली.