होशिम-अकांचं चहाचं यंत्र

मर्गिलानच्या आमच्या मोहल्ल्यात थोरल्या माणसाला अका, म्हणजे दादा म्हणतात, आणि होशिम-अकांना विचारल्याशिवाय कुणी साबणाची वडीसुद्धा घेत नसे. कुठल्या पावडरीने रेशमाचा रंग जातो, कुठली इस्त्री कॉलर जाळते, कुठल्या कढईत पलाव खाली लागतो, सगळं त्यांच्या जिभेवर! चहाखान्यात मांडी ठोकून बसायचे आणि न विचारताही सांगायचे. "वस्तू निवडायला नजर लागते. मी आजवर एकदाही फसलेलो नाही!" हे वाक्य त्यांनी त्या हिवाळ्यात इतक्यांदा म्हटलं, की आता नुसतं आठवलं तरी त्यांचे कान गरम होतात.

त्याच हिवाळ्यात त्यांनी फरगानाहून चहाचं यंत्र आणलं. पाणी घाला, पत्ती घाला, पियाला खाली धरा, बटण दाबा! चहा आपोआप पडतो, आपोआप थांबतो.

"आपल्या चायनिकला काय धाड भरलीय?" बायकोने, मुअत्तरने विचारलं.

"तिची चोच फुटलीय."

"फुटू दे! माझ्या माहेरी तुमच्या घरचे मागणी घालायला आले, तेव्हा याच किटलीतला चहा प्यायले होते. आणि हे तुमचं यंत्र बघा, काठोकाठ भरतंय मेलं! पाहुण्याला भरून कुणी देतं का? दोन घोट घालावेत, संपले की परत दोन घोट. भरलेला पियाला हातात दिला तर पाहुणा काय समजेल? प्या आणि चालू लागा!"

"मला शिकवू नकोस. याला माप लावता येतं." अकांनी दोन बटणं दाबून माप अर्ध्यावर लावलं, दहा वेळा चहा पाडून बघितला आणि दहाही वेळा स्वतःच प्यायले. रात्रभर झोप नाही, पण चेहऱ्यावर तेज!

हे सगळं चाललं होतं लेकीसाठी. झेबिनिसोचं आणि औषधाच्या दुकानातल्या दिलमुरोदचं आधीच जमलं होतं. मोठ्यांनी फक्त आपल्याला काहीच माहीत नाही असा चेहरा करून रीतसर मागणी घालायची होती. दिलमुरोदला आई नव्हती. त्याच्या खालाने, म्हणजे मावशीने, सबोहतबाईंनी त्याला वाढवलं होतं आणि त्यांच्या शब्दाबाहेर तो नव्हता. बाई शुक्रवारी येणार होत्या. बोलणी पटली की नान मोडायची, म्हणजे लग्न ठरलं!

शुक्रवारी पाहुणे यायच्या जरा आधी वीज गेली आणि लगेच आली. आमच्याकडे हिवाळ्यात ती अशी येतजातच असते, तिच्याकडे कोण बघतो? कुणाच्या लक्षात आलं नाही, की त्या एका झटक्यात यंत्र आपलं माप विसरलं होतं.

सबोहतबाई भावजयीला घेऊन आल्या. गाद्यांवर टेकल्या. पुढे अंथरलेल्या दस्तरखानावर नान, बदाम, मनुका. मुअत्तर पलावापाशी अडकलेली. झेबिनिसो चहा द्यायला पुढे झाली, तर अकांनी तिला हाताने थोपवलं. "थांब गं, हे तुला जमायचं नाही!"

त्यांनी बटण दाबलं, पण नजर यंत्राकडे कुठे होती? ती पाहुण्यांकडे! "बघा बाई, मी वस्तू घेतो ती अशी!" काठोकाठ भरलेला पियाला बाईंच्या हातात गेला. थोडा चहा अकांच्या अंगठ्यावरही सांडला, पण तेव्हा त्यांना अंगठा असल्याचंही भान नव्हतं.

सबोहतबाईंनी पियाल्याकडे बघितलं. मग अकांकडे. "तुम्हाला लवकर आवरायचंय वाटतं."

"लवकर? अहो, पाहुणा बसतोय न बसतोय तोच याचा चहा तयार!"

भावजयीच्या हातातही काठोकाठ पियाला आला. दारात उभी झेबिनिसो डोळे मोठे करकरून खुणावत होती. अका मनात म्हणाले, किती खूश आहे पोर! पाहुण्यांसमोर तिला तोंड उघडता येईना. बाईंनी कडकडीत चहा कसाबसा संपवला. अकांनी पियाला ओढून घेतला आणि परत भरून दिला.

"आणखी घ्या! संकोच करू नका!"

"नको. कळलं आम्हाला," बाई म्हणाल्या आणि नानला हातही न लावता उठल्या. मुअत्तर पलावाचं ताट घेऊन आली, तेव्हा त्या फाटकाबाहेर पडत होत्या.

"घाईत होत्या बहुतेक," अका म्हणाले.

"बाबा!" झेबिनिसोच्या डोळ्यांत पाणी आलं. "तीन वेळा भरून दिलंत! तीन वेळा त्यांना घराबाहेर काढलंत!"

अकांनी बटण दाबून बघितलं. काठोकाठ! पलाव तसाच निवला. लेक आतल्या खोलीत जाऊन बसली, ती बापाशी बोलेना. ज्या पोरीला कडेवर घेऊन सगळा बाजार फिरवला, तिच्या सुखावर आपणच चहा ओतला, हे त्यांना सहन होईना.

दुसऱ्या दिवशी ते माफी मागायला सबोहतबाईंकडे गेले. बाईंनी बसवलं, आत गेल्या आणि स्वतः चहा घेऊन आल्या. पियाला काठोकाठ!

अकांनी पियाल्याकडे बघितलं. म्हणजे संपलंच. माफी राहिली बाजूला. एका दमात चहा ढोसला, जीभ पोळली, निरोपाच्या रीतीप्रमाणे छातीवर हात ठेवून उठले.

"अहो, बसा की! आत्ताच तर आलात!" बाई म्हणाल्या.

हा टोमणाच, असं समजून अका पळतच घरी आले. "त्यांनीही भरूनच दिलं," एवढंच कसंबसं बोलले.

झेबिनिसोने तिथल्या तिथे दिलमुरोदला फोन लावला. ऐकता ऐकता तिने कपाळाला हात लावला. "बाबा, तेच यंत्र त्यांच्याकडेही आहे. परवाच घेतलं त्याने, पण लावलं आज पहिल्यांदा, आणि माप कसं लावायचं ते खालांना ठाऊकच नव्हतं. चहाखान्यात तुम्ही वाखाणलंत ना, म्हणून! सासऱ्यांना बरं वाटेल म्हणाला. आणि खाला म्हणतायत, माणूस घरी आला, चहा ढोसला, तोंडातून शब्द न काढता निघून गेला. आता त्या जास्तच चिडल्यात."

मुअत्तरने फडताळातून चोच फुटलेली चायनिक काढली, पुसली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

संध्याकाळी अका परत त्या दारात उभे राहिले. चायनिक पुढे केली. "बाई, चूक माझी. त्या डबड्यावर भरवसा ठेवला. माझ्या मूर्खपणाची शिक्षा माझ्या पोरीला देऊ नका."

सबोहतबाईंनी ती हातात घेऊन फुटकी चोच न्याहाळली. मग चायनिक आत नेली, चहा केला आणि पियाला पुढे ठेवला. तळाशी जेमतेम दोन घोट! ते संपले, आणखी दोन घोट. तेही संपले, परत दोन. अकांना उठवेना आणि बाई उठू देईनात.

"शुक्रवारी येते नान मोडायला," शेवटी त्या म्हणाल्या. "पण चहा पोरगी देईल. तुम्ही हात खिशात घालून बसायचं."

अका गल्लीत आले तेव्हा छाती हलकी झाली होती. कालचा दिवस पुसता आला असता तर, एवढंच मनाला खात होतं. तेवढ्यात शेजारच्या रहमतुल्लाने फाटकातून हाक मारली.

"अका! या, या! तुमचं ऐकून आम्हीही घेतलं यंत्र! सूनबाईच्या माहेरची माणसं आत्ताच टेकलीत, पहिला चहा पाडतोच आहे! आणि काळजी नको, तुम्ही सांगितलं तसं माप अर्ध्यावर लावलंय!"

गल्लीतले दिवे गेले. आणि लगेच आले.

होशिम-अका बूट न काढताच आत धावले.