डब्याला आलेल्या मुंग्या

कुमुदने अनवाणी पाय जमिनीवर टेकवले, उजव्या हाताची बोटं उलटी करून घराच्या लोखंडी पायरीला लावली आणि चटकन मागे घेतली.

"आहे," ती म्हणाली.

"नाही," दिगंबर म्हणाला. त्याने अख्खा तळहात पायरीवर ठेवला, वर दोनदा थोपटलंही. "हे बघ. काही नाही."

"तुमच्या पायात जाड रबराचे बूट आहेत."

"मग?"

"ते काढून लावा हात."

दिगंबरने बुटांकडे पाहिलं. चौदा भोकांतून नाडी ओवलेले ते बूट घालायलाच त्याला दहा मिनिटं लागत. तिकडे खोदाईच्या ड्रिलवर जाणारी जीप हॉर्न वाजवत उभी होती. "रविवारी काढतो. निवांत बघू," असं म्हणून तो गेला. जाता जाता मागे वळून म्हणाला, "टॉनिक घे आठवणीने. मंजू झाल्यापासून तुला अशक्तपणा आलाय. मुंग्या पायरीला नाही, तुझ्या हाताला येतात."

त्या दिवशी मंगळवार होता.

जमिनीखाली दगडी कोळसा कुठवर आहे ते शोधायला सरकारने वणीजवळ छावणी टाकली होती. बाकी सगळे तंबूत राहत. भूगर्भतज्ज्ञ दिगंबर देशकरला मात्र चाकांवरचं पत्र्याचं घर मिळालं होतं. एक परदेशी तज्ज्ञ ते घेऊन आला होता आणि उन्हाळा लागताच ते इथंच टाकून मायदेशी गेला होता. कागदोपत्री त्याचं नाव 'कॅराव्हॅन', गावात 'डब्बा'. आत दोन खाटा, एक ओटा, दोन दिवे आणि एक टेबल पंखा. बासष्ट सालच्या त्या एप्रिलात वणीचा पारा एकशे बारा फॅरनहाइटवर गेला होता, आणि पत्र्याच्या घरात तो पंखा होता म्हणून दहा महिन्यांची मंजू दुपारची झोपत होती. नाल्यापलीकडे बापूजींची कापसाची जिनिंग फॅक्टरी होती. तिथून बांबूंवर तार ओढून छावणीला वीज दिली होती.

आणि मंजूला नुकताच उभं राहण्याचा ध्यास लागला होता. छावणीत तिच्या उंचीची, धरता येईल अशी एकच वस्तू होती, ती लोखंडी पायरी. खाली सोडली की ती रांगत थेट तिकडे निघे. म्हणून गेले नऊ दिवस कुमुद मंजूला कडेवर घेऊन स्वयंपाक करत होती, कडेवर घेऊन कपडे वाळत घालत होती. नागपूरच्या सायन्स कॉलेजात तिने पदार्थविज्ञान घेतलं होतं. गळकी वीज म्हणजे काय हे तिला माहीत होतं. पण घरात टॉनिकची बाटली आली की पदवीला कोण विचारतो?

तिच्या बाजूने पहिली साक्ष दिली ती भांडी घासायला येणाऱ्या रामीबाईने. हात टेकून उठताना तिने पायरी धरली आणि किंचाळली.

"बाई व! या डब्याले मुंग्या येते!"

कुमुदला तिला मिठी मारावीशी वाटली. "तुलाही लागलं ना? खरंच लागलं ना?"

"लागलं म्हणजे? पार खांद्यापर्यंत गेलं ना माय!" रामीबाईने मनगट फिरवून पाहिलं. तिच्या डोळ्यांत काही निराळंच चमकलं. "अन् बाई, मनगटातला वात कुठी गेला?"

इथून पुढचं कुमुदच्या हातात राहिलं नाही. जत्रेत विजेची पेटी घेऊन माणूस येतो, दोन मुठी हातात देतो आणि अंगातून झिणझिणी काढून देतो, हे गावाला ठाऊक होतं. पेटीच्या जागी डब्बा, एवढाच फरक. बुधवारी सकाळी जिनातल्या दोन बाया आल्या. दुपारी आणखी पाच. मग पाठदुखीवाले, मानदुखीवाले. कुमुद एका हाताने मंजूला धरून दुसऱ्या हाताने लोकांना हाकलत होती.

"अहो, हात लावू नका! जीव जाईल!"

"एकदाच लावतो ना बाई. सकाळी बायकोनं लावला, ती तं धावून राह्यली."

संध्याकाळी खुद्द बापूजी काठी टेकत आले. देवळात जावं तसे जोडे बाहेर काढले, दाराची कडी धरली आणि डोळे मिटले.

"आ हा हा! यवतमाळच्या डॉक्टरनं सहा महिने सुया टोचल्या, पण असा झणका नाई आला."

"बापूजी, हे औषध नाही, बिघाड आहे," कुमुद कळवळून म्हणाली. "घरातली वीज पत्र्यात उतरतेय. आज झिणझिणी आहे, उद्या माणूस चिकटेल."

"पोरी, माहा जीव गुडघ्यापाशी अडकला होता. तो मोकळा झाला."

"माझी लहान मुलगी आहे हो."

"मंग तिले नको लावू देऊ. तिले कायचा वात?" बापूजींनी काठी उचलून खांद्यावर टाकली. "अन् ऐक. मिस्त्री-गिस्त्री बोलावून हे बंद करशीन, तं मी लाइनच तोडून टाकीन. तार माही हाय."

म्हणजे झिणझिणी ठेवावी तर मंजूच्या जिवाला धोका, आणि काढावी तर पंखा जाऊन मंजू पत्र्यात भाजणार. रात्री तिने हे दिगंबरला सांगितलं. तो ड्रिलवर सोळा तास उभा राहून आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मंजूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बापूजींना दुखवू नकोस. त्यांच्या वावरातून पाण्याचा पाइप न्यायचाय. रविवारी मी स्वतः बघतो म्हटलं ना?" आणि बसल्या बसल्या झोपून गेला. बूट पायातच होते.

गुरुवारी बापूजी भाच्याच्या लग्नाला नेरला गेले. शनिवारी रात्री परतणार होते. त्यांची मोटार नाल्यापलीकडे दिसेनाशी होताच कुमुदने रामीबाईला वाहिद मिस्त्रीकडे पिटाळलं. छावणीची वायरिंग त्यानेच केली होती.

वाहिद आला तो हात जोडूनच. "बाई, मले माफ करा. सेठनं सांगून ठेवलं हाय, डब्याले हात नाही लावायचा. अन् माही अर्थिंग एकदम फस्कलास. चार फूट सळई गाडली, चार फूट!"

"मिस्त्री, तुम्हाला मुलं किती?"

"चार. अल्लाची मेहेरबानी."

"मग चपला काढा."

वाहिदच्या पायात मोटारीच्या टायरच्या चपला होत्या. त्याने त्या काढल्या, तापल्या जमिनीवर एक पाय दुसऱ्या पायावर घासला आणि बेफिकिरीने पायरीला बोट लावलं.

"या अल्ला!" तो तीन हात मागे उडाला.

"आता एक दिवा लावून दाखवा. एक वायर लाइनला, दुसरी तुमच्या सळईला. अर्थिंग चांगलं असेल तर दिवा लागेल."

दिवा लागला नाही.

"बल्ब गेला असन."

तोच बल्ब तिने घरात लावून दाखवला. लख्ख पेटला. मग कुमुदने फ्यूज काढायला लावला, तो स्वतःच्या पदराच्या गाठीत बांधला, सळईशी जाऊन खाली बसली आणि दोन बोटांनी सळई वर ओढली. लोणच्याच्या बरणीतून चमचा निघावा तशी चार फूट सळई अलगद बाहेर आली.

तिघेही वाकून पाहत राहिले. काळी जमीन उन्हाने फाटली होती. नेमकी सळईच्या जागी पुरुषभर खोल भेग पडली होती, आणि सळई तिच्यात कशालाही न टेकता नुसती तारेला लटकून होती.

"मी गाडली तवा पावसाळा नुकता सरला होता. जमीन लोण्यासारखी होती," वाहिद हळूच म्हणाला.

"तुमची चूक नाही मिस्त्री. ही जमीनच अशी आहे."

रामीबाईने भेगेत पहिली बादली ओतली. पाणी गेलं कुठं ते दिसलं नाही. दुसरी, तिसरी, चौथी.

"बाई, हे तं पाताळात चाललं," ती धापा टाकत म्हणाली. "खाली कोनी आंघोळ करून राह्यलं का?"

चौदाव्या बादलीला भेग तृप्त झाली. कोळसा, जाडं मीठ आणि माती भरून वाहिदने सळई ठोकून ठोकून खाली घातली. वरून माती सारखी केली. कुमुदने फ्यूज दिला. तो बसवताच फट् आवाज होऊन जळाला.

"गेलं!" रामीबाई म्हणाली.

"गेलं नाही, आलं!" वाहिदचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "आता विजेले जमिनीत जायले वाट भेटली. चोर आतच हाय बाई, आता तो सापडते." तो गुडघ्यांवर रांगत घरभर फिरला. पंख्याची वायर खिडकीच्या पत्र्याखाली चेपून सोलली गेली होती. तिच्यावर पट्टी गुंडाळून त्याने नवा फ्यूज घातला. पंखा फिरू लागला. लाइन आणि सळईमधला बल्ब भर दुपारी डोळे दिपतील असा पेटला.

कुमुदने अनवाणी पायांनी पायरीला हात लावला. काही नाही. ओला हात लावला. काही नाही.

"बाई, एक अर्ज हाय," निघताना वाहिद म्हणाला. "माही अर्थिंग हवेत लटकली होती हे कोनाले सांगू नका. नाहीतर वणीत मले दरवाजाची घंटी लावायलेही कोनी बोलवनार नाही. पन रोज दोन बादल्या टाका इथं. सुकली का पुन्हा फाटन."

"नाही सांगणार. आणि तुम्ही बापूजींना सांगू नका."

रामीबाईनेही गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. बापूजी येईपर्यंत डब्बा बंद, असं सांगून ती येणाऱ्या वातवाल्यांना परत पाठवू लागली.

तरीही कुमुदने मंजूला खाली सोडलं नाही. बल्बवर तिचा विश्वास होता, पण मन ऐकत नव्हतं. शुक्रवारी तिने पायरीला अकरा वेळा हात लावून पाहिला, शनिवारी नऊ वेळा.

रविवारी सकाळी दिगंबर शब्दाला जागला. खुर्ची बाहेर टाकून त्याने चौदा-चौदा भोकांतून नाड्या काढल्या, मोजे काढले आणि महिनाभर ऊन न लागलेली पांढरीफटक पावलं जमिनीवर ठेवली. पायरीला हात लावला. कडीला लावला. चाकालाही लावून पाहिला.

"काही नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, सुटकाच होती. "कुमुद, अगदी काही नाही!"

ती बोलणार एवढ्यात काठीचा आवाज आला. बापूजी आले होते. त्यांनी जोडे काढले, कडी धरली, डोळे मिटले. कुमुदने घरात नजर टाकली. पंखा फिरत होता. बापूजींच्या कपाळाला एक आठी पडली. ती बराच वेळ तशीच राहिली.

"आज..." ते म्हणाले. "आज जरा जास्तच हाय."

"बापूजी, काही नाही हो त्यात!" दिगंबर म्हणाला. "मी आत्ताच बघितलं."

"साहेब, तुमच्या अंगात वात नाही, तुमाले कसं लागन? तीन दिवस खंड पडला ना, म्हनून जोरात आलं. पार कमरेपर्यंत!"

"अहो, पण—"

"मंग तुमच्या बाईलेच इचारा ना. पयले त्याच सांगत होत्या."

दोघेही कुमुदकडे पाहू लागले. आहे म्हणावं तर नवऱ्याचा हात अजून पायरीवर होता. नाही म्हणावं तर तार बापूजींची होती. तिने मंजूला सावरण्यासाठी कडेवर हात नेला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की मंजू कडेवर नाही. बूट काढण्याचा सोहळा बघताना तिने तिला सतरंजीवर ठेवलं होतं, आणि सतरंजी रिकामी होती.

मंजू पायरीशी पोचली होती. लाळेने ओले झालेले दोन्ही पंजे तिने लोखंडावर ठेवले. कुमुद झेपावली आणि अर्ध्यातच थांबली. मंजूने गुडघे उचलले, डगमगली, पुन्हा उचलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभी राहून सगळ्यांकडे बघत हसली.

काहीही झालं नाही.

"अरे, उभी राहिली!" दिगंबर ओरडला. "बघ कुमुद, पोरीलाही काही होत नाही. उगीच तिला इतके दिवस वाहत होतीस."

"पोरीले गुन आला डब्याचा," बापूजी म्हणाले.

कुमुद खाली बसली. नऊ अधिक पाच असे चौदा दिवस ताठलेली तिची डावी बाजू सैल होत होती. "असेल, माझाच भास असेल," ती म्हणाली.

"टॉनिक लागू पडलं," दिगंबर समाधानाने म्हणाला.

भांड्यांपाशी रामीबाई पदर तोंडात कोंबून खोकल्याचं सोंग करत होती. बापूजी काठी खांद्यावर टाकून निघून गेले. मग कुमुद उठली आणि तिने दोन भरलेल्या बादल्या नवऱ्यापुढे ठेवल्या.

"अनवाणी आहातच, तर एवढं पाणी त्या कोपऱ्यात घालून या. आता रोज सकाळी घालत जा."

दिगंबर आनंदात होता. त्याने पाणी नेऊन ओतलं आणि जमिनीचा जाणकार असल्यामुळे वाकून निरखूनही पाहिलं.

"काय लावलंयस इथं? उगवलेलं तर काही दिसत नाही."

"मुंग्या उगवू नयेत म्हणूनच घालायचं," कुमुद म्हणाली.