अण्णा धुरी आणि नवं कार्ड

अण्णा धुरींनी आमच्या लिफ्टला आतापर्यंत तीन नोटिसा दिल्या आहेत. तिसरी अजून आत चिकटलेली आहे: 'वारंवार कळवूनही आपण अकराव्या मजल्यावर थांबत नाही. सात दिवसांत खुलासा करावा.' लिफ्टने खुलासा केलेला नाही. अण्णांच्या मते हा शुद्ध उद्धटपणा आहे.

करी रोडला आमची चाळ होती, तेव्हा अण्णा बावीस वर्षं चाळ कमिटीचे सेक्रेटरी होते. गॅलरीत गादी वाळत घातली, नोटीस. नळावर भांडण झालं, दोन्ही पक्षांना नोटीस, आणि जे नुसते बघत उभे राहिले त्यांना वेगळी. माझ्या वरातीत बँड दहा मिनिटं जास्त वाजला, त्याची नोटीस मला आहेराच्या पाकिटांमध्ये सापडली.

पुढे चाळ पडली, टॉवर उभा राहिला आणि कारभार बिल्डरने नेमलेल्या मॅनेजरकडे गेला. अण्णांचं पद गेलं, सवय राहिली. गॅलरी नसल्यामुळे माणसं दारं लावून आत बसतात, सापडत नाहीत. मग अण्णांनी वस्तूंना नोटिसा द्यायला सुरुवात केली.

चाळ पडायच्या आधी महिनाभर ते टेप घेऊन फिरत होते. नोकरीत आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. जिन्याच्या पायऱ्या, कठड्याचे गज, मोरीचा उंबरा, सगळं मोजून वहीत उतरवलं. आम्हाला वाटलं, कोर्टात जाणार. बिल्डरलाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने पेढे पाठवले. अण्णांनी ते पोच घेऊन परत केले.

नंतर कळलं, ते कॉम्प्युटरवर अख्खी चाळ उभी करत होते. बाणाचं बटण दाबलं की आपण फाटकातून आत शिरतो, जिना चढतो, गॅलरीतून चालतो. मी एकदाच बघितली. माणूस एकही नव्हता, पण माझ्या दारावर नोटीस होती. टॉवरमध्ये कोणी ऐकत नाही म्हणून म्हातारा रिकामी चाळ बांधून तिच्यावर राज्य करतोय, असं मी खाली दोन-चार जणांना सांगितलंसुद्धा. चांगलं वाक्य सुचलं की माझ्या पोटात राहत नाही.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. तिथला प्रिंटर एकदा माझ्या हातून चुकून सुरू झाला, तेव्हापासून इमारतीत मी कॉम्प्युटरवाला. त्यामुळे मागच्या महिन्यात एका संध्याकाळी पाच वाजता अण्णा माझ्याच दारात आले.

"मोहिते, चल. नवीन ग्राफिक्स कार्ड घातलंय. पडदा काळा."

"उद्या बघू ना अण्णा. मॅच लागलीय."

"सहाच्या आत झालं पाहिजे."

"सहाला काय, मीटिंग?"

"चल म्हटलं ना रे!"

त्यांच्या घरी कॉम्प्युटर पोट उघडून टेबलावर पडला होता. अण्णांनी प्रकरण समजावून सांगितलं. "चित्र दाखवायचं काम इतकी वर्षं मूळ बोर्डच करत होता. चाळ मोठी झाली, त्याला झेपेना. म्हणून हे कार्ड आणलं. आता एका खोलीवर दोन भाडेकरू. जुना म्हणतो ताबा माझा, नवा म्हणतो कागद माझ्याकडे."

निदान अचूक होतं. मागे केबल लावायला दोन जागा होत्या. जुन्या जागी लावली की सुरुवातीची अक्षरं दिसायची आणि मग अंधार. नव्या जागी लावली की पहिल्यापासून अंधार. मी केबल इकडून तिकडे करत राहिलो. अण्णा दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत, आणि मग आतल्या खोलीचं दार.

"कार्ड काढून ठेवू या," मी म्हटलं. "जुन्यावर चालेल आजच्यापुरतं."

"नाही चालणार. ते जिन्यावर अडकतं."

"अडकू दे की. घाई कोणाला आहे?"

पावणेसहा झाले.

"मग एकच उपाय," मी म्हटलं. "सेटिंगमध्ये जाऊन जुन्याला कायमचं बंद करायचं. चुकलं तर मात्र दोन्ही जातील. तुम्ही सात दिवसांची मुदत द्याल ना त्याला?"

"काढ त्याला," अण्णा म्हणाले. "आत्ता काढ."

बिननोटिशीचं अण्णांनी कोणाला बाहेर काढलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पुढची थट्टा ओठांवर होती, तेवढ्यात आतलं दार उघडलं.

वहिनी, म्हणजे अण्णांच्या मिसेस, बाहेर आल्या. पायात चपला, खांद्याला पिशवी, पिशवीतून साडीचा पदर लोंबत होता.

"चला," त्या म्हणाल्या. "तिनसांज झाली. माका घराक जावचा आसा."

"जाऊ या गं. बस जरा. मोहिते बघतोय."

"ह्यो कोण?"

तीस वर्षं आमच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती. माझी आई गेली तेव्हा तेरा दिवस मी यांच्या हातचं जेवलो होतो. वहिनी विसरायला लागल्यात, हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. वय झालं, म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं.

अण्णा माझ्या कानाशी वाकले. "रोज सहाला निघते. एकदा खाली रस्त्यात सापडली, जुन्या फाटकाच्या जागी. तेव्हापासून इथे बसवून घरी नेतो. खोलीत पोचली की शांत होते, जेवते. काल चित्र अर्ध्या जिन्यात अडकलं. ही तिथेच बसून राहिली. घरी पोचलीच नाही."

मी मान खाली घातली आणि सेटिंगमध्ये शिरलो. जुन्याला बंद केलं. केबल नव्या जागी लावली. अंधार. वहिनी उठून दाराकडे निघाल्या. अण्णांनी त्यांचा हात धरला. अंधारच. आणि मग पडद्यावर फाटक आलं, गंजासकट.

"आलं!" अण्णांनी बाणाचं बटण दाबून धरलं. फाटक, चौक, जिना, पहिला मजला, दुसरा, तिसरा, गॅलरी, खोलीचं दार. सगळं एका दमात, कुठेही न अडखळता. अण्णा माझ्याकडे बघून हसले. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात नीट पाहिले नव्हते.

वहिनी हसल्या नाहीत. टेबलाची कड घट्ट धरून त्या पडद्याकडे बघत होत्या.

"तुमी फुडे गेलात," त्या म्हणाल्या. "मी खालीच आसंय."

अण्णांचं बोट बटणावरून उचललं गेलं. थोडा वेळ ते त्या स्वच्छ, झगझगीत खोलीच्या दाराकडे बघत राहिले. मग उलटा बाण दाबून तीन मजले उतरले आणि फाटकाबाहेर येऊन उभे राहिले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "चल, हात दे."

डाव्या हातात वहिनींचा हात धरून उजव्या हाताने त्यांनी बटणावर एक टिचकी मारली. एक पाऊल. थांबले.

"गुडघो दुकता?"

"नाय. चला."

दुसरी टिचकी. थांबले. तिसरी.

पहिल्या मजल्यावर वहिनींनी दम खायला पिशवी खाली ठेवली. अण्णांनी ती उचलून आपल्या खांद्याला अडकवली, आणि बटणावर बोट ठेवून त्या निघायची वाट बघत राहिले.