उत्तमकाकांची चौकट

आमच्या तेर गावात उत्तमकाकांच्या अंगणात एक लाकडी चौकट उभी आहे. दारासकट, कडीकोयंड्यासकट. भिंत मात्र नाही. डाव्या हाताला तुळस, उजव्या हाताला शेळीचा खुंटा आणि मधे हे दार. कुणीही बाजूनं सरळ घरात जाऊ शकतं, आणि सगळे तसेच जातात. काका मात्र दारावर टकटक करतात, मोकळ्या अंगणाला "मे आय कमिन?" असं विचारतात आणि मगच स्वतःच्या घरात शिरतात. एकदा शेळी त्या दारातून न विचारता आत आली, तर तिला माघारी नेऊन पुन्हा रीतसर आणली.

माणूस वेडा नाही, हे मी शपथेवर सांगते. त्यांच्या बायकोला, शांताकाकूंना, अधूनमधून शंका येते ती गोष्ट वेगळी. काका धाराशिवला एका सरकारी कचेरीत शिपाई होते. भरतीच्या मुलाखती असल्या की दारावर काका. नंबर पुकारायचा, दार उघडायचं, उमेदवार आत सोडायचा, दार लावायचं. तीस वर्षं हेच. "म्या हजारानं पोरं आत सोडली," ते सांगतात. "आत जातानाच कळायचं, ह्याचं व्हणार का न्हाय ते. इम्प्रेशन दारात पडतं गं. आत निस्ते कागद ऱ्हातेत."

रिटायर झाल्यावर हे ज्ञान वाया जाऊ नये, म्हणून चुलतभावाचं जुनं घर पाडताना काकांनी ही चौकट मागून आणली आणि गावातल्या पोरांसाठी फुकट वर्ग काढला. अडचण एवढीच, की दार लागल्यावर आत काय होतं हे काकांना ठाऊकच नव्हतं. त्यामुळे शिकवणी फक्त येण्याची आणि निघण्याची. मधलं काही विचारलं की हात झटकायचे. "ते सायबाचं खातं हाय. आपलं खातं दार."

पहिल्या तीन विद्यार्थ्यांपैकी एकालाही नोकरी लागली नाही. चौथी मी.

माझं लॅब टेक्निशियनचं शिक्षण झालं होतं आणि आतापर्यंतच्या सगळ्या मुलाखतींत मी मुकी झाले होते. रक्त कुणाचंही काढीन, पण टेबलामागं तीन माणसं दिसली की माझंच आटायचं. आता उमरग्याच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं होतं. हेही गेलं तर ढोकीला मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात लागायचं, असं घरात ठरलं होतं. तिकडं शांताकाकूंनीही जाहीर करून टाकलं, "ह्या पोरीचं न्हाय झालं तर ही चौकट म्या बंबात घालणार. जळण तरी व्हईल."

काका पेटलेच. आठ दिवस रोज सकाळी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी "नंबर चाऽर!" ही हाळी.

"चप्पल वाजवू नगं. दार आदळू नगं. आन् निघताना सायबाला पाठ दावू नगं."

म्हणजे उलटं चालत निघायचं. मी तीनदा शेळीवर पडले.

"आन् निघताना काय म्हणशील?"

"थँक्यू सर, जाते."

काकांनी कानांवर हात ठेवले. "जाते? आगं, घरातून निघताना जाते म्हणतीस का येते म्हणतीस?"

"येते."

"मग? नोकरी मागायला गेलीस आन् जाते म्हणलीस, तर गेलीसच की! येते म्हणायचं. तितं विंग्रजी चालतंय, म्हणून विंग्रजीत म्हणायचं. आय कम, सर."

मी फिस्सकन हसले. "हसायलीस काय? म्हण!" मग म्हटलं. शेकडो वेळा म्हटलं.

मुलाखतीच्या दिवशी काका इस्त्रीचा पांढरा सदरा घालून माझ्याआधी एसटी स्टँडवर हजर. दवाखान्यात पोचल्या पोचल्या त्यांनी दाराची तपासणी केली आणि तिथल्या शिपायाला बिजागरीला तेल घालायला सांगितलं.

आत एक डॉक्टर मॅडम आणि दोन डॉक्टर होते. माझी टकटक बरोबर, मे आय कमिन बरोबर, चप्पल अजिबात वाजली नाही. पुढं मात्र पहिले पाढे पंचावन्न. मॅडमनी विचारलं, रक्ताचा नमुना खराब झालाय हे कसं ओळखाल? मी त्यांच्या टेबलावरच्या पेनाकडं बघत राहिले. जरा वेळानं त्या म्हणाल्या, "ठीक आहे, या तुम्ही."

झेरॉक्सचं मशीन डोळ्यांपुढं आलं. मी उठले, उलटं चालायला लागले, खाडकन दाराजवळच्या वजनकाट्यावर चढले आणि काट्यावरूनच म्हणाले, "आय कम, मॅडम."

"कम? आता कुठं?"

"म्हणजे... येते म्हणायचं होतं. जाते म्हणत नाहीत ना आपल्यात."

तिघंही खो खो हसत सुटले. मला खरं तर रडू यायला हवं होतं, पण मीही हसले आणि हसता हसता घसा मोकळा झाला. काट्यावर उभ्या उभ्याच मी चौकट, शेळी, आठ दिवसांची हाळी, सगळं सांगून टाकलं. तोंड उघडलंच आहे म्हणून खराब नमुन्याचं उत्तरही दिलं. त्यांनी आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "सोमवारपासून कामावर या. आणि ते तुमचे काका बाहेर आहेत ना? त्यांना पाठवा आत. बघू तरी कोण आहेत."

बाहेर येऊन मी सांगितलं, काम झालं. काकांनी तिथल्या शिपायालाच मिठी मारली. "चौकट वाचली!"

"आणि तुम्हाला आत बोलावलंय."

काकांचा चेहरा एकदम उतरला. "मला? आत म्हंजे... दाराच्या आत?"

मी दार उघडून धरलं. टकटक करायला ते विसरले, मे आय कमिनही विसरले. पाच मिनिटांनी बाहेर आले ते सरळ, खुशाल पाठ दाखवून.

स्टँडवर चहा घेतला, तर न पिता नुसता कप फिरवत राहिले. मला वाटलं, कुणी काही लागेल असं बोललं की काय.

"काय म्हणाले हो, काका?"

"लई भली माणसं हायत." त्यांनी चहात फुंकर मारली. "मॅडम स्वतः उठल्या. खुर्ची वढून दिली. बसा म्हणल्या."

"मग?"

"सायबाच्या खोलीत मला कुणी बसा म्हणलं न्हवतं, रेखा. तीस वर्षांत एकदाबी न्हाय. कुणाची चूक न्हाय त्यात. रीतच न्हवती तसली."

"मग बसलात ना?"

"न्हाय गं." ते हसले, पण डोळे भरले होते. "बसावं तर लई वाटलं. पर गुडघंच वाकंनात. हुबाच ऱ्हायलो, थँक्यू म्हणलो आन् आलो."

मला भडभडून आलं. तेवढ्यात धाराशिवची गाडी लागली आणि ही गर्दी उसळली. मी कोपरानं वाट काढत वर चढले, खिडकीजवळची जागा धरली आणि खाली डोकावून जिवाच्या आकांतानं ओरडले, "काका, या! इथं बसा!"

ते आले. सदऱ्याची घडी सारखी केली, एकदा माझ्याकडं बघितलं आणि हळूच बसले.