निगा न लागणारी वनस्पती

जव्हार संस्थानच्या पाहुणेबंगल्यामागे एक ओला कोपरा होता आणि बागखात्याला त्याची लाज वाटत असे. डोंगरातला एक झिरा जमिनीखालून तिथे येई, त्यामुळे माती बाराही महिने भिजलेली. पाण्याने परवानगी न घेता दरबारच्या बागेत येणं खात्याला पसंत नव्हतं. पण पाण्यावर नोटीस बजावण्याची सोय नसल्याने दर वर्षी पुण्याहून गुलाब मागवून त्याच्या छातीवर लावले जात. गुलाब श्रावणात कुजत. कुजण्याचं कारण चौकशीअंती दर वर्षी एकच ठरे: माळ्याची हयगय.

माळी म्हणजे माझे अब्बा, कुतुबुद्दीन. बागेच्या कुंपणालगत आम्हाला राहायला दोन खोल्या होत्या. नोकरी असेपर्यंत खोल्या, असा नियम. आमचं घर दगडावर नव्हे, त्या नियमातल्या पहिल्या दोन शब्दांवर उभं होतं.

एका वर्षी गुलाब वाटेतच मेले. पाहुणा साहेब तर दोन महिन्यांवर आलेला. अब्बांनी जामसरच्या ओहोळावरून लव्हाळ्याचे गड्डे आणले आणि कोपऱ्यात लावून टाकले. भाताच्या खाचरात बायका शिव्या देत उपटतात तोच हा लव्हाळा. त्याला ओली माती मिळाली आणि तो कंबरेएवढा झाला. वाऱ्याबरोबर वाकायचा, वर तांबूस तुरे. गुलाबांना जे पाणी पचलं नाही ते याने आनंदाने पिऊन टाकलं.

साहेब चहाचा पेला घेऊन मागे आला आणि तिथेच थबकला. सोबत बागाधिकारी विसाजीपंत टोकेकर होते. जोडे भिजतात म्हणून ते या कोपऱ्यात कधी येत नसत; त्या दिवशी पहिल्यांदाच आले.

"सुंदर!" साहेब म्हणाला. "याची निगा कशी राखता?"

अब्बांनी हात जोडले. "काही निगा लागत नाही, हुजूर."

आपल्या कामाचं कोणी कौतुक केलं की आमच्यात असंच म्हणतात. पाहुण्याला आपण म्हणतो ना, घर तुमचंच आहे, तसं. ते ऐकून कोणी बिऱ्हाड घेऊन येत नाही. बागखातं बिऱ्हाड घेऊन आलं.

आठवड्याच्या आत हुकूम निघाला की लव्हाळा ही 'निगा न लागणारी दरबारी वनस्पती' समजण्यात यावी. निगा लागत नाही हे आता सरकारी सत्य झालं होतं, आणि सरकारी सत्याला संरक्षण लागतं. कोणी नकळत निगा राखून बसू नये म्हणून एक निगा-प्रतिबंधक शिपाई नेमला गेला. खोडाळ्याचा बाबल्या. त्याला बिल्ला, शिट्टी आणि छत्री मिळाली. बाबल्या झोपतो का हे पाहायला एक नाईक आला. नाईक येतो का हे पाहायला एक कारकून. निगा लागत होती तेव्हा त्या कोपऱ्यावर एकटे अब्बा होते. निगा लागेनाशी झाल्यावर तीन माणसं कामाला लागली.

थंडी पडली. लव्हाळा वाळून पिवळा झाला. आता तो बुडापासून वीतभर ठेवून कापायचा असतो, म्हणजे खालून नवे कोंब येतात. वर्षातून एकदाच, पण कापायचा असतो. नाही कापला तर जुनं पातं नव्यावर पडतं आणि गड्डा आतून सडतो. अब्बा विळा घेऊन गेले. बाबल्याने शिट्टी वाजवली.

टोकेकरांनी अब्बांना कचेरीत उभं केलं.

"मियाँ, हे कापणं म्हणजे निगा की नाही?"

"थोडी म्हणजे थोडीच, साहेब. वर्षातून एकदा."

"म्हणजे निगा लागते. म्हणजे तुम्ही साहेबांसमोर दरबारला खोटं पाडलंत. खोट्या माणसाला नोकरीत ठेवता येत नाही."

"मग लागत नाही असं धरा, साहेब."

"लागत नसेल तर माळी कशाला? नोकरी तशीही जाते." टोकेकरांनी सहानुभूतीने मान हलवली. "दोन्ही बाजूंनी विचार करा. घाई नाही. महिनाअखेरपर्यंत सांगा."

अब्बा घरी आले. अम्मीने, म्हणजे राबियाने, सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "अजी, इतकी नम्रता कशाला दाखवायची? घाम गाळावा लागतो म्हणाला असतात तर साहेबाने काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"कौतुक करत होता गं तो."

"झालं ना कौतुक? आता त्यातच राहायला जाऊ या."

महिना संपायच्या आधी बाजाराच्या दिवशी जामसरची पोशी आली. ती लव्हाळ्याच्या चटया विणायची. तिला इथला लव्हाळा उंच दिसला. ती कुंपणातून आत शिरली आणि अर्धा कोपरा कापून मोकळी झाली. बाबल्याने तिला भाऱ्यासकट कचेरीत नेलं.

"हा लव्हाळा सरकारी आहे," टोकेकर म्हणाले.

"लवाळ्याला मालक कदी झाला?" पोशी म्हणाली. तिच्याकडे राजाला आणि रेड्याला 'तू' हा एकच शब्द होता. "भाताच्या आवनीत उपटून उपटून आमचे हात गेले, न तू त्याला शिपाय ठेवलास? माझ्या खाचरात ये. फुकट नेस. शिपाय पन ने."

टोकेकरांनी मात्र तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडत होता. पोशीने जे केलं ती निगा नव्हती. ती चोरी होती. निगेने दरबार खोटा ठरत होता, चोरीने तसं काहीच होत नव्हतं. चोरी तर प्रत्येक सुव्यवस्थित संस्थानात होते. पोशीला संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसवून सोडून दिलं. तिने कापलेल्या अर्ध्यात पंधरवड्यात हिरवेगार कोंब आले. उरलेला अर्धा सडू लागला. खात्याने हिरव्या अर्ध्याकडे बोट दाखवून कळवलं की वनस्पती निगेवाचून उत्तम आहे.

टोकेकरांनी अब्बांना पुन्हा बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मियाँ, माळ्याची जागा रद्द होणार. तिथे माझा इलाज नाही. पण उरलेला अर्धा जर कोणी चोरला, तर त्या चोराला मी ओसरीपलीकडे नेणार नाही."

अब्बांनी आयुष्यात विचारल्याशिवाय खाली पडलेला पेरूसुद्धा उचलला नव्हता. ते म्हणाले, "मी नमाजी माणूस आहे, साहेब."

"म्हणून तर तुम्हाला सांगतो. चोरी विश्वासाच्या माणसाकडूनच करवून घ्यावी लागते."

"आणि खोल्या?"

टोकेकर म्हणाले, "चोर वेळेवर सापडायचा तर तो जवळ राहिलेला बरा. खोल्या राहू देत."

अशा रीतीने माझे वडील जव्हार संस्थानचे वहिवाटीचे चोर झाले. पगार बंद झाला, कारण चोराला पगार देण्याची पद्धत इतक्या खालच्या दर्जावर नव्हती. अब्बा गावात लोकांची आंब्याची कलमं बांधून देत आणि घर चालवत. थंडीत एक दिवस विळा घेऊन कोपऱ्यात जात.

"मियाँबाबा, जरा सावकाश चोरा," बाबल्या म्हणे. "शिट्टी सापडू द्या माझी."

मग अब्बा कचेरीच्या ओसरीवर संध्याकाळपर्यंत बसत. येणारेजाणारे पाहत. पहिल्या वर्षी त्यांनी डोक्यावरून उपरणं घेतलं होतं. पुढे ते सोडून दिलं. मी दुपारी त्यांना नागलीची भाकरी नेऊन द्यायची. ते भिंतीकडे तोंड करून जेवत. आणि बागेत कोंब फुटत. पाहुणे येत, वाहवा करत, आणि टोकेकर आपल्या कारकिर्दीतली ही काटकसर मोखाड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगत.

मग एका थंडीत अब्बांना अंथरुणातून उठवेना. बाबल्या दारात आला. छत्रीशी चाळा करत म्हणाला,

"टोकेकरसाहेब विचारतात, चोर अजून का आला नाही? लव्हाळा पिवळा पडलाय."

"उद्या येतो म्हणावं," अब्बा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजानंतर, त्यांना कब्रस्तानात नेलं.

पोशी जामसरहून चालत आली. अम्मीजवळ बसली. म्हणाली, "तुझा माणूस चोर बेस होता. कापताना मुळावर कदी पाय नाय दिला." शोक करायला आलेल्यांपैकी अब्बांच्या कामाबद्दल बोललेली ती एकटीच.

टोकेकरही आले. जोडे बाहेर काढून बसले.

"एवढी वर्षं चोरी केली, पण तक्रारीला कधी जागा दिली नाही," ते म्हणाले. "खोल्यांचं मात्र पाहावं लागेल."

"यंदाची चोरी मी करते," मी म्हटलं. "मला विळा धरता येतो. अब्बांनी शिकवलंय."

ते खरोखर दुखावले. "मैमुना, चोरी वारसाने मुलीकडे जात नाही. आणि शिकलेल्या मुलीने चोरी करायची? काही अब्रू आहे की नाही!"

आम्हाला महिन्याची मुदत मिळाली. लव्हाळा कापायचा राहिला आणि आतून सडला. वनस्पतीला निगा लागत नसल्यामुळे ती मेलेली असू शकत नाही, असं कारकुनाने कळवलं, आणि खात्याने ते मान्य केलं. फक्त चोराची जागा रिकामी असल्याचं जाहीर झालं. दोन खोल्या, पाणी जवळ, वर्षातून एक दिवस काम. विळा चालवता येण्याची अट नाही. उमेदवार अब्रूदार घराण्यातला असावा, आणि त्याने सचोटीचा दाखला जोडावा.

हसा खुशाल. मी सामान बांधत होते तेव्हा बाबल्याने अर्जांची चवड आमच्याच ओट्यावर आणून ठेवली. ठेवायला दुसरीकडे जागा उरली नव्हती म्हणे. अम्मीची पेटी उचलायची म्हणून मला ती बाजूला सारावी लागली. वकिलांचे होते, मास्तरांचे होते, देवळाच्या आणि मशिदीच्या दोन्ही पंचांचे होते. वरून तिसऱ्या अर्जावर तुमचं आडनाव होतं. दाखला उत्तम होता.