एक्स बरोबर साडेचार

प्रियलला गणित आपणच शिकवायचं, असं पारसने ठरवलं, तेव्हा त्याला वाटलं होतं की यात रोजचा फार तर अर्धा तास जाईल. पुढे त्यापायी अख्खं घर उपाशी बसेल आणि धाकट्या भावाचं लग्न टांगणीला लागेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तसं त्याच्या ध्यानीमनी फारसं काही नसायचंच. ती जागा आत्मविश्वासाने आधीच भरलेली होती.

पारसचं जळगावला फुले मार्केटात साड्यांचं दुकान. गिऱ्हाईक पदराला हात लावतंय तोवर हा तोंडी भाव, सूट आणि ब्लाउजपीस सगळं सांगून मोकळा. त्यामुळे सातवीतल्या प्रियलला पेपरात दहापैकी चार गुण पडले, तेव्हा त्याने वही दिव्याखाली धरली आणि तो कडाडलाच.

"अगं, उत्तरं तर सगळी बरोबर आहेत! तीन एक्स अधिक सात बरोबर बावीस, एक्स बरोबर पाच. मग गुण कुणी खाल्ले?"

"ज्ञानेश्वर सर म्हणतात, पायऱ्या नाहीत. आधी दोन्ही बाजूंतून सात वजा करायचे, मग दोन्ही बाजूंना तीनने भागायचं. प्रत्येक पायरीला गुण असतो. तुम्हीच म्हणालात ना, डायरेक्ट उत्तर लिही म्हणून."

"पायऱ्या कशाला लागतात? गुडघे दुखणाऱ्यांना! आपण लिफ्टने जाणारी माणसं." (त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट दिवाळीपासून बंद होती, ही गोष्ट वेगळी.)

"आणि शेवटी ताळा करायचा," प्रियल चिकाटीने म्हणाली. "आलेलं उत्तर समीकरणात परत ठेवून बघायचं, जुळतंय का."

"ताळा भित्री माणसं करतात," पारस म्हणाला.

एवढ्यात धुळ्याहून घेवरचंदजींचा फोन आला आणि घरातले सगळे सावरून बसले. कारणच तसं होतं. पारसचा धाकटा भाऊ मनन एकतिसाव्या वर्षात होता. मुलगा निर्व्यसनी, दुकानात बसणारा, पण हल्लीच्या मुलींना पुण्याचा फ्लॅट हवा असतो, जळगावचं ऊन नको असतं. सहा ठिकाणांहून नकार आल्यावर मननने पत्रिकेतला जुना फोटो काढून केस असतानाचा त्याहून जुना लावला होता. सातवं स्थळ घेवरचंदजींच्या नातीचं. मुलगा-मुलगी भेटले, एकमेकांना आवडले, फोनवर रोज हसू लागले. आता फक्त आजोबांनी घर बघून पंगतीला बसायचं आणि हो म्हणायचं, एवढंच उरलं होतं. आजोबा म्हणजे पक्के चौविहारवाले. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. पंचाहत्तर वर्षांत एकदाही मोडलेलं नाही.

"पारसबाबू, रविवारी येतो आम्ही," घेवरचंदजी म्हणाले. "दुकान उघडं असेल, तेव्हा दुपारी निघणार. तुम्ही तर सासुरवाडीला नेहमी येता-जाता, रस्ता तुमच्या पायाखालचा. किती वाजता निघू, म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवून होईल? वाटेत एरंडोलला भुआकडे, म्हणजे नातीच्या आत्याकडे, अर्धा तास थांबावं लागेल. तिला टाळून गेलो तर ती वर्षभर बोलायची नाही."

खरं तर 'दुपारी तीनला निघा' एवढं कुणीही सांगितलं असतं. रुची, म्हणजे पारसची बायको, धुळ्याचीच. ती स्वयंपाकघराच्या दारातून तीन बोटं दाखवतही होती. पण पारसने फोनवर हात ठेवून प्रियलला जवळ बोलावलं आणि ऐटीत म्हणाला, "ये, तुला समीकरणाचा खरा उपयोग दाखवतो."

वहीच्या कोऱ्या पानावर त्याने मांडणी केली. निघायची वेळ एक्स. त्यात रस्त्याचे दोन तास, भुआचा अर्धा तास आणि जेवणाचा अर्धा तास मिळवायचा. बरोबर साडेसहा, म्हणजे कॅलेंडरातला सूर्यास्त. मांडणी अगदी बिनचूक होती. माणूस बिघडला तो पुढे.

"साडेसहातून दोन गेले, साडेचार. इकडे अर्धा, तिकडे अर्धा, दोन्ही कटले. एक्स बरोबर साडेचार!" त्याने फोनवरचा हात काढला. "बाबूजी, साडेचारला निघा. निवांत."

"उशीर नाही ना होणार?"

"बाबूजी, मी समीकरण मांडून काढलंय."

"असं? मग ठीक," घेवरचंदजी आदराने म्हणाले. समीकरण म्हटलं की आपल्याकडे शहाणी माणसंसुद्धा गप्प बसतात.

प्रियल मात्र गप्प बसली नाही. तिने त्याच पानावर खाली ओळीखाली ओळ लिहीत नेली. दोन्ही बाजूंतून दोन वजा. मग दोन्ही बाजूंतून अर्धा वजा. मग पुन्हा अर्धा वजा. एक्स बरोबर साडेतीन.

"पप्पा, माझं साडेतीन येतंय. अर्धे दोन्ही एकाच बाजूला आहेत, ते एकमेकांना कसे कटतील? पलीकडे नेताना दोन्ही वजा होतील ना?"

पारसने लाल पेन घेतलं आणि तिच्या साडेतीनवर ठसठशीत फुली मारली. खाली लिहिलं, 'चूक. जास्त डोकं चालवू नये.'

"धुळ्यापासून दोन तास लागतात हो," रुची म्हणाली. "वर भुआ. वर जेवण. साडेचार कसे पुरतील?"

"तुला गणितात किती होते?"

"बावन्न."

"मला अठ्ठावन्न," पारस म्हणाला, आणि वाद तिथेच संपला. (अठ्ठावन्न दीडशेपैकी होते, पण ते कुणी विचारलं नाही.)

रविवारी सकाळपासून घरात घमघमाट सुटला. पारसच्या आईने, पानबाईंनी, स्वतः उभं राहून मुगाचा हलवा घोटला. बट्ट्या तुपात बुडल्या, गट्ट्याची भाजी झाली, वरण झालं, केळफुलाची भजी झाली. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. पाहुणे साडेसहाच्या आत जेवणार, म्हणून पाट पाचपासून मांडले. पाहुण्यांआधी जेवायचं कसं, म्हणून घरातल्या कुणी घासही घेतला नाही. पारसने तर दुपारचंही जेवण टाळलं, संध्याकाळी हलव्याला जागा असावी म्हणून.

सहाला पाच मिनिटं कमी असताना त्याने फोन लावला. "बाबूजी, आलात ना गावात?"

"आत्ता एरंडोलला भुआच्या दारात पोचतोय," घेवरचंदजी म्हणाले. "तुम्ही सांगितल्याप्रमाणे बरोबर साडेचारला निघालो. एक मिनिट इकडे नाही की तिकडे."

पारसने बोटांवर मोजलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने पायऱ्या घेतल्या, एकेक बोट मिटत. भुआ अर्धा तास, तिथून पाऊण तास. सात वाजून जाणार होते.

"भुआकडे पाच मिनिटंच थांबा, बाबूजी!"

"भुआने चूल पेटवलीय," घेवरचंदजी म्हणाले.

मग पारसने सूर्याशीच घासाघीस सुरू केली. कॅलेंडरातली वेळ जळगावची आहे, पाहुणे धुळ्याचे आहेत, धुळं पश्चिमेला आहे, म्हणजे त्यांच्या हिशोबाने सूर्य तीन मिनिटं उशिरा मावळतो, असं त्याने आईला पटवायचा प्रयत्न केला. पानबाईंनी हलव्यावर झाकण ठेवलं. तीन मिनिटांत हलवासुद्धा वाढून होत नाही. मनन गॅलरीत उभा राहून पश्चिमेकडे असा बघत होता, जणू तिथून त्याची वरात परत चालली होती.

सात वाजून पाच मिनिटांनी पाहुणे दारात आले. घेवरचंदजी, त्यांच्यामागे मुलीचे वडील रुपचंद (ते वडिलांसमोर बोलत नसत) आणि त्यांच्यामागे पिशव्या घेऊन ड्रायव्हर भटू. घेवरचंदजींनी पाट बघितले, तुपातल्या बट्ट्या बघितल्या, खिडकीबाहेरचा अंधार बघितला. मग हात जोडून म्हणाले, "भुआकडे मी मुद्दाम काही खाल्लं नाही. म्हटलं, पारसबाबूंनी समीकरण मांडलंय."

"म्या तं तव्हयच सांगं व्हतं, साडेतीनले निघा," भटू पिशव्या ठेवत म्हणाला. "पन शेठ म्हनेत, पाव्हनासनी बठ्ठा हिशोब करी ठेयेल शे."

"तुम्ही घ्या ना जेवून," घेवरचंदजी यजमानांना म्हणाले. "घरात कोण कोण चौविहार पाळतं?"

आता खरं सांगायचं तर एकट्या पानबाई पाळत. पारस तर आठवड्यातून चारदा रात्री साडेनऊला गाडीवर पाणीपुरी खाई. पण आधीच घसरलेली अब्रू सावरायला त्याने छाती काढून सांगितलं, "सगळेच! आमच्याकडे लहानपणापासून."

रुचीने डोळे मिटले. प्रियलचं तोंड उघडलं आणि आईचा चिमटा बसून मिटलं. मनन हलव्याच्या पातेल्याकडे पाठ करून बसला. अशा रीतीने सात जणांनी जेवणाभोवती कोंडाळं करून धर्मचर्चा केली, आणि जेवला तो एकटा भटू. त्याने सोळा बट्ट्या खाल्ल्या. सतरावी पारसकडे बघत खाल्ली.

"पारसबाबू," घेवरचंदजी शेवटी म्हणाले, "ते समीकरण जरा बघू."

वही आली. घेवरचंदजींनी चष्मा लावला. वरची पारसची झेप त्यांनी एका नजरेत पाहिली. खालच्या प्रियलच्या ओळी मात्र बोट ठेवत, एकेक करत वाचल्या. लाल फुलीपाशी बोट थांबलं. 'जास्त डोकं चालवू नये' हे वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं.

"मनन," त्यांनी अचानक विचारलं, "तुम्हीही हिशोब असाच करता?"

"नाही, नाही!" मनन ओरडलाच. "मी फक्त साड्यांच्या घड्या घालतो!"

"दादाजी, नकार नका देऊ," प्रियल रडवेली होऊन घेवरचंदजींना म्हणाली. "काकाचं काही चुकलं नाही. उत्तर पप्पांचं चुकलंय."

घेवरचंदजींनी वही मिटली. "सकाळी सांगतो," एवढंच ते बोलले आणि मुक्कामाच्या खोलीत झोपायला गेले. मनन मात्र गाल पुसत गॅलरीत गेला, आणि पारसला पहिल्यांदाच स्वतःची मनापासून लाज वाटली.

सकाळी सगळे नवकारशीची वाट बघत बसले. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं झाल्याशिवाय घेवरचंदजी तोंडात पाणीही घेत नसत, आणि 'लहानपणापासून सगळेच' म्हटल्यामुळे आता घरही घेऊ शकत नव्हतं. कालचं अन्न शिळं म्हणून गाईला गेलं होतं (भटूने नेऊन घातलं, निदान तो तसं म्हणाला). मधे ताटात ताज्या मठऱ्या होत्या. पारसच्या पोटात चोवीस तासांचा खड्डा पडला होता.

"रात्रभर विचार केला," घेवरचंदजींनी सुरुवात केली. मननने खुर्चीचा हात घट्ट धरला. "माझ्या नातीला कुठल्या घरात द्यायची? चूक होते, ती आमच्याकडेही होते. पण ज्या घरातली मुलगी बापाने लाल फुली मारल्यावरही आपलं बरोबर उत्तर खोडत नाही, त्या घरात माझी नात दबून राहणार नाही. पानबाई, आमच्याकडून रिश्ता पक्का."

रुपचंदजी आयुष्यात पहिल्यांदा वडिलांसमोर "हो" म्हणाले. मनन आईच्या पाया पडला, मग चुकून भटूच्याही. पानबाईंनी श्रीफळ आणलं. पारसला तर काय करू नि काय नको झालं. सूर्योदय सहा पंचावन्न, त्यात अठ्ठेचाळीस, म्हणजे झालेच की, असा त्याने मनातल्या मनात झटकन हिशोब केला आणि आनंदाने एक अख्खी मठरी तोंडात टाकली.

घेवरचंदजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेसात झाले होते.

"पारसबाबू," ते शांतपणे म्हणाले, "अजून तेरा मिनिटं बाकी आहेत."

थुंकावी तर ताजी मठरी, गिळावी तर लहानपणापासूनचा नेम. त्यामुळे धाकट्या भावाचं लग्न ठरल्याचे अभिनंदनाचे पहिले नऊ फोन पारसने फुगलेल्या गालांनी, "हूं, हूं" करत घेतले, आणि दहाव्या फोनवर धुळ्याची विहीण काळजीने रुचीला विचारत होती, नवऱ्या मुलाचा मोठा भाऊ जन्मापासून मुका आहे का?